एकही शब्द न बदलता

मिलिंद,

तुझा फोटो आता ‘दिवस बंद करणे’ या पानावर आहे. पानाच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, गोल चौकटीत. तुला कोट घातला आहे. तुझ्याकडे कोट नव्हता हे आपल्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, पण फोटो स्टुडिओवाले गेलेल्या माणसाला कोट घालतात आणि कुणी काही विचारत नाही. फोटोखाली एक पणती आहे. तिची ज्योत सारखी हलते. लॅबमधली एखादी मुलगी संध्याकाळी घाईघाईत ते पान उघडेल तेव्हा तिची नजर आधी त्या ज्योतीवर जाईल, मग कोटावर, आणि मग कधीतरी पहिल्या सूचनेवर.

पणतीखाली लिहिलंय: ‘त्यांच्या स्मृतीस अर्पण. ही पाने एकही शब्द न बदलता जपली जातील.’

मला किळस आली. दुःख वगैरे नंतर. पहिल्यांदा जी आली ती किळसच, पाण्याच्या टाकीत काहीतरी मरून पडलेलं दिसलं की येते तशी.

नावाआधी ‘कै.’ लावलं होतं. तुझ्या भावाने फोन करून सांगितलं की आम्ही बौद्ध, आमच्याकडे ‘कालकथित’ लिहितात. तेवढं मात्र त्यांनी तासाभरात बदललं. म्हणजे बदलता येतं.

तुला न ओळखणारे लोकही हे वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तेवढं तू गाळून वाच. वागळे इस्टेटमधल्या आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर गावोगावच्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालतं. रक्ताचा नमुना आला की नोंदवायचा, बाटलीवर नंबर चिकटवायचा, तपासणी झाली की अहवाल छापायचा. हे सगळं कसं करायचं ते सांगणारी पानं इंग्रजीत बंगळुरूची टीम लिहिते. ती मराठीत आणायचं काम तुझं आणि माझं. आणणं सोपं. पहिल्या वर्षी आपण सगळं आणलं, साहेबांनी पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून कंपनीच्या लेखी मराठीचं काम संपलं. दारावर पोस्टर लागलं, ‘संपूर्ण मराठीत’. पण इंग्रजी थांबत नाही. बंगळुरूवाले आज एक बटण हलवतात, उद्या एका चौकटीचं काम बदलतात, आपलं इंग्रजी पान दुरुस्त करतात आणि घरी जातात. मराठी पान तिथेच उभं राहतं, कालचं खरं सांगत. इंग्रजीच्या मागे मराठीला रोज चालतं ठेवणं, हेच खरं काम होतं. त्यासाठी कुणी कधी पेढे वाटले नाहीत.

‘झालं ना मराठी?’ हा प्रश्न आपल्याला किती वेळा विचारला असेल. तू म्हणायचास, “हो साहेब, झालं. घरातली भांडी घासून झाली तसं झालं.” साहेब हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

शोकसभेबद्दल सांगते, कारण तू असतास तर तुला सगळ्यात आधी तेच ऐकायचं असतं. वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत झाली. एसी बंद होता, निशिगंधाचा वास साचून डोकं दुखायला लागलं. मौन चालू असताना कोपऱ्यात कुणीतरी प्लास्टिकची पिशवी सोडत होतं. नंतर कळलं, समोसे आले होते. ऑफिसच्या ग्रुपवर तर आदल्या दिवसापासून रांग लागली होती. सेल्समधल्या एकाने लिहिलं, ‘काकू, तुमची उणीव सदैव भासेल.’ दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाचा मजकूर उचलून टाकला होता, नावापुरतंही वाचून बघितलं नव्हतं. त्याच्याखाली लोकांनी हात जोडले. ते काकू अजून तिथेच आहे. मी मुद्दाम त्याला सांगितलं नाही. तुला आवडलं असतं.

मग साहेब बोलले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, हे मी मान्य करते. ते म्हणाले, “मिलिंदने मराठीची सेवा केली. त्याने लिहिलेला शब्द न् शब्द आपण जसाच्या तसा जपणार. यापुढे त्या पानांना कुणी हात लावायचा नाही. हीच त्याला श्रद्धांजली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. वाजवणाऱ्यांच्याही मग लक्षात आलं आणि त्या अर्ध्यात विझल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, “साहेब, नवीन आवृत्ती येतेय. पानं बदलावी लागणार.”

“वैशाली मॅडम, आज नको.”

“मग कधी?”

“अहो, माणूस गेलाय.”

माणूस गेलाय हे मला ठाऊक होतं. तुझी खुर्ची माझ्या डाव्या हाताला होती. पण ज्या माणसाने सगळी नोकरी जुन्या मजकुराशी भांडण्यात घालवली त्याची आठवण म्हणून मजकूर जुना होऊ द्यायचा, ही कल्पना या शहरातच कुणाला तरी सुचू शकते. आपण चौकाचौकात पुतळे उभे करतो, वर्षातून एकदा धुतो. साहेबांनी तुझ्या पानांचा पुतळा केला. आणि फोटोशेजारी बरं दिसत नाही म्हणून जुन्या झालेल्या पानांवर तू टाकायचास त्या लाल पट्ट्याही काढून टाकल्या.

लाल पट्ट्यांवर आपण किती भांडलो. ते भांडण अजून संपलेलं नाही आणि तू मध्येच उठून गेलास, हेही मला आवडलेलं नाही.

ते सुरू झालं मुरबाडच्या पुढच्या त्या लॅबपासून. जुन्या आवृत्तीत संध्याकाळी ‘दिवस बंद करा’ दाबलं की राहिलेले नमुने आपोआप दुसऱ्या दिवसावर जायचे. नव्या आवृत्तीत बंगळुरूने त्यात एक छोटी चौकट घातली. तिच्यात खूण केली तर नमुने पुढे जातात, नाही केली तर रद्द होतात. इंग्रजी पानावर त्यांनी ते नीट लिहिलं. आपल्याला कुणी कळवलं नाही. त्या लॅबमधल्या कविताने आपलं मराठी पान समोर ठेवून दिवस बंद केला. सकाळी बाटल्यांवरच्या नंबरांना माणसंच उरली नव्हती. कुठलं रक्त कुणाचं, सांगता येईना.

फोन तू घेतलास. मी म्हटलं, सपोर्टकडे दे. तू म्हणालास, “सपोर्ट काय सांगणार? पान आपलं आहे.” कल्याणहून एसटी धरून आपण दोघं गेलो. मी वाटेत भरभरून बोलत होते, बंगळुरूवाल्यांना शिव्या देत होते. तू खिडकीबाहेर बघत होतास.

लॅब म्हणजे दुकानाचा गाळा. बाकावर एक बाई तान्ह्या पोराला घेऊन बसली होती, वरच्या पाड्यावरून आलेली. पोराचं रक्त आदल्या दिवशी घेतलं होतं, ते आता पुन्हा घ्यायचं होतं. शीर सापडत नव्हती. कविता त्याचा हात धरून शोधत होती, आणि पोर ज्या आवाजात रडत होतं तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बाईला वाटत होतं की तिचंच काहीतरी चुकलं.

झाल्यावर कविता बाहेर आली आणि तुला म्हणाली, “सर, मी मराठीच वाचलेलं. ओळ न् ओळ तसंच केलं. इंग्रजी वाचायला पाहिजे होतं का?”

तू म्हणालास, “नाही. तू बरोबर केलंस. पान खोटं होतं.”

“पण तुमचंच पान ना?”

“हो.”

एवढंच. माफी मागायला आलो होतो आणि तू माफी मागितलीच नाहीस, मला तेव्हा विचित्र वाटलं. तू तिच्या संगणकावर बसलास, तिला ती चौकट दाखवलीस, तिच्याकडून चार वेळा करून घेतलंस, आणि आपण निघालो.

परतीच्या वाटेवर कल्याणच्या स्टँडवर चहा घेताना तू पहिल्यांदा बोललास. “मराठी नसतंच तर तिने कुणाला तरी विचारलं असतं. आपण होतो म्हणून तिने विचारलं नाही.” तुझ्या तोंडावर जे होतं त्याला मी तेव्हा थकवा म्हटलं. थकवा नव्हता. स्वतःच्या हातचं शिळं अन्न कुणाला तरी वाढलं गेल्यावर माणसाला जे होतं ते होतं.

दुसऱ्या दिवशी तू ते पान नव्याने लिहिलंस. तू लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं मराठी. ‘आधी बाटल्या मोजा. मग स्क्रीनवरचा आकडा बघा. दोन्ही जुळले तरच पुढे जा.’ इंग्रजीत बाटल्या मोजायचं कुठेच नव्हतं. बंगळुरूला तू फोन करून सांगितलंस, “भाई, तुम भी डाल दो, अच्छी बात है,” आणि त्यांनी खरंच घातलं. इंग्रजी एकदाच मराठीच्या मागून चाललं. त्याचा कुणी फोटो लावला नाही.

तेव्हापासून तुझा मंगळवार ठरला. मंगळवारी सकाळी तू बंगळुरूने कुठल्या कुठल्या पानाला हात लावला ते बघायचास, आणि ज्याचं मराठी व्हायचं होतं त्याच्या डोक्यावर लाल पट्टी टाकायचास: ‘इंग्रजी बदललं आहे. हे पान जुनं आहे. जपून वापरा.’ मग एकेक घ्यायचास. वाचून भाषांतर करायचा नाहीस. एका बाजूला सॉफ्टवेअर उघडायचास, प्रत्येक बटण स्वतः दाबायचास, आणि जे घडलं ते लिहायचास. इंग्रजीत जे लिहिलंय ते घडलं नाही तर बंगळुरूला फोन. ते तुला वैतागले होते. “मिलिंदभाई, आप तो हमारे टेस्टर हो गये,” असं एकजण म्हणाला, तू म्हणालास, “पगार भी दे दो फिर.”

मला पट्टी मान्य नव्हती. अजून नाही. माझं म्हणणं होतं, पान जुनं झालं की काढून टाक.

“काढलंस तर त्या पोरीकडे काय राहिलं, वैशाली?”

“इंग्रजी.”

“तिला येतं?”

“नाही येत तर फोन करेल.”

“कुणाला? मदतीचा नंबर साहेबांनी पानावरून काढलेला, फोन फार येतात म्हणून.”

“मग कुणाला तरी विचारेल. तूच म्हणालेलास स्टँडवर.”

“चहा पिताना माणूस काहीही बोलतो. अगं, दहा सूचनांतली एक बदललेली असते. नऊ तर खऱ्या असतात ना? नऊसाठी ठेवायचं.”

“आणि दहावी कुठली ते तिला कसं कळणार?”

“पट्टी आहे ना.”

“पट्टी कोण वाचतं, मिलिंद? लिफ्टमध्ये लिहिलंय सहा माणसं. तू मोजतोस?”

“मी जिन्याने येतो.”

हे असं. डबा खाताना, बस स्टॉपवर, एकदा तर तुझ्या पुतणीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत. सुजाताने, तुझ्या बायकोने, दोघांच्या ताटात मुकाट्याने जिलबी वाढली आणि म्हणाली, “तोंड गोड करा, मग भांडा.” साहेबांना ना पट्टी हवी होती, ना पान काढलेलं. “ग्राहकाला वाटतं आपलं काम अर्धवट आहे,” असं ते म्हणायचे. आहेच ना साहेब अर्धवट, असं आपण दोघं एकदमच म्हणालो होतो. तेवढ्यापुरते आपण एका बाजूला.

आता पट्टीही नाही आणि पानही काढलेलं नाही. वर पणती आहे. आणि नवी आवृत्ती दारात उभी आहे, ज्यात दिवस बंद करायची पद्धतच बदलणार आहे, कशी ते बंगळुरूने अजून कळवलेलं नाही. म्हणजे कुठल्या तरी गाळ्यात कुणीतरी तुझ्या कोटाकडे बघून, तुझ्या शब्दांवर विश्वास ठेवून, पुन्हा कुणाच्या तरी पोराचा हात धरणार. आणि पान तुझंच असणार.

एवढं लिहून झाल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी सुजाताताईंना शब्द दिलाय. त्यांनी नातेवाइकांना लिंक पाठवलीय. आता काढलं तर त्यांना काय वाटेल? त्या हो म्हणाल्या तर काढतो.”

यातला नीचपणा बघ. आपला निर्णय एका बाईच्या दुःखामागे उभा करायचा. ते वाईट माणूस नाहीत, हे तू मला नेहमी सांगायचास. नसतील. पण मला त्या केबिनमधून बाहेर येऊन हात धुवावेसे वाटले, आणि मी धुतले.

तुझ्या घरी, कळव्याला, मी रविवारी गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी येऊन गेले होते तेव्हा घरात उभं राहायला जागा नव्हती. आता घर रिकामं होतं आणि खुर्च्या मांडववाल्याकडे परत जायच्या म्हणून दाराशी रचून ठेवलेल्या. तुझी आई आत पडून होती. सुजाता शाळेचे पेपर तपासत बसली होती. मला बघून तिने आधी फोन काढला. कोटातला तू.

“बघितलंत ना ताई? किती छान केलंय. माझ्या शाळेतल्या सगळ्या बाईंना दाखवलं. नाहीतर यांनी काय केलं आयुष्यभर ते मला कुणाला सांगताच यायचं नाही. कंप्युटरवर काहीतरी लिहितात, एवढंच. आता निदान नाव आहे.”

मी अशा वेळी चांगली नसते, तुला माहीत आहे. मी चहाची वाटही बघितली नाही. सांगितलं की फोटो काढून टाकायला हवा, आणि नुसता फोटो नाही, त्याखालचं मिलिंदचं लिहिलेलं सगळं बदलायला हवं. का ते सांगितलं. मुरबाडचं सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. तू घरी बोलला नव्हतास.

ती पेपरावर लाल पेन तसंच धरून बसली. मग म्हणाली, “सगळं बदललं की यांचं काय राहील त्यात?”

“काही नाही.”

“एक ओळसुद्धा?”

“थोडे दिवस राहतील काही. मग त्याही जातील.”

“तुम्ही जरा गोड बोलून सांगितलं असतंत तरी चाललं असतं, ताई.”

“गोड बोललेलं साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय.”

ती हसली नाही. आतून तुझ्या आईने विचारलं, कोण आलंय. सुजाता म्हणाली, “ऑफिसातल्या ताई. आई, गोळी घेतली का?” आणि मग, माझ्याकडे न बघता, तिने जे सांगितलं ते तुला आता ऐकावंच लागेल.

“आईंची बीपीची गोळी डॉक्टर मधूनमधून बदलायचे. बदलली की हे जुन्या गोळ्या त्याच दिवशी बत्त्याने कुटून संडासात टाकायचे. अख्खं पाकीट शिल्लक असलं तरी. आई बोंबलायच्या, चांगल्या गोळ्या वाया घालवतो म्हणून. मी म्हणायची, अहो, वर ठेवा ना कपाटात, त्यावर चिठ्ठी लावा जुनी म्हणून. तर म्हणायचे, चिठ्ठी कोण वाचतं? घाईत हात जातोच.”

मिलिंद, मी त्या खुर्चीत बसून तुझ्यावर भयंकर चिडले. वर्षानुवर्षं तू माझ्याशी पट्टीवरून भांडलास. डब्यातली भाजी गार होईपर्यंत भांडलास. आणि घरी तू बत्ता घेऊन बसायचास, माझं म्हणणं माझ्याच शब्दांत तुझ्या बायकोला सांगत. ऑफिसात का नाही कबूल केलंस? मला वाटतं मला कळतं का. घरी एक म्हातारी होती आणि नवी गोळी त्याच दिवशी आणता यायची. ऑफिसात आपण दोघंच होतो आणि पानं ढीगभर, नवी त्याच दिवशी लिहून व्हायची नाहीत. काढून टाकली असतीस तर ती बरेच दिवस रिकामीच राहिली असती आणि साहेबांनी ती रिकामीच राहू दिली असती. तुला ते दिसत होतं. मला तू ते सांगू शकला असतास. मी काही इतकी ठोंब नाही.

तरीही मी बरोबर होते. हे लिहून ठेवते.

सुजाताने पेनाला टोपण लावलं. “बदला,” ती म्हणाली. “साहेबांना मी सांगते. तुम्ही नका सांगू, तुम्ही चिडून बोलता.” तिने माझ्यासमोरच फोन लावला. “साहेब, यांचा फोटो काढून टाका. हो. नाही, राग नाही. ते पान आता खोटं होणार आहे ना, मग त्यावर त्यांचं तोंड नको.” पलीकडून साहेब बराच वेळ बोलत होते. ती ऐकत होती, मध्येच “हं” करत होती, तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि आवाजात त्याचा लवलेश नव्हता. अशी बाई घरी असताना तू मला सांगायचास की मी कडक आहे.

फोन ठेवून ती म्हणाली, “आता चहा घ्या. आणि तो कोट यांना अजिबात शोभत नव्हता.”

मी चहा घेतला. मग तिथे, तुझ्या घरी, मला रडू आलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवारी फोटो गेला. साहेबांनी लगेच दुसरी युक्ती काढली: आता मशीनच लावू, इंग्रजी बदललं की मराठी आपोआप बदलेल, माणसाची गरजच नाही. मशीनचं मराठी मी बघितलं. गुळगुळीत आहे, काही ठिकाणी आपल्यापेक्षा बरं आहे. त्याचा मला राग नाही, तुलाही नव्हता. पण इंग्रजी चुकलं तर ते तेवढ्याच गुळगुळीतपणे चुकतं, आणि बटण दाबून बघत नाही. मी साहेबांना म्हटलं, मशीन लिहू दे, बटणं मी दाबीन, आणि मी हो म्हटल्याशिवाय एकही पान लोकांसमोर जायचं नाही. ते म्हणाले, त्याला वेळ लागेल. म्हटलं, लागेल. त्यांनी मान डोलावली. त्यांना या विषयाचा कंटाळा आला होता. आपल्या कामात जे काही मिळालं ते लोकांच्या कंटाळ्यातूनच मिळालं.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी घरी पडून होते तेव्हा तू एकदाही तब्येत विचारली नाहीस. रोज संध्याकाळी फक्त कळवायचास, आज तुझी अमुक पानं केली, काळजी नसावी. सगळी दुनिया मला हळद आणि सकारात्मक विचार पाठवत होती. तुझ्या त्या कोरड्या ओळींमुळे मला झोप लागायची. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, “बरं झालं, आता माझी कर.”

तर तुझी करते आहे.

नवी आवृत्ती आली. तिच्यात दिवस बंद करायला कुणाला काही करावंच लागत नाही. सॉफ्टवेअर स्वतः करतं, नमुने स्वतः पुढे नेतं. मी दाबून बघितलं, खरंच नेतं. बंगळुरूने इंग्रजी पान सरळ काढून टाकलं. म्हणजे मराठीही काढायचं. बदलायला त्यात काही उरलंच नाही. बाटल्या मोजा, आकडा बघा, जुळले तरच पुढे जा: त्या वाक्यांना आता कामच राहिलं नाही. त्या गाळ्यात जे झालं ते आता होऊच शकणार नाही, म्हणून तुझं सगळ्यात चांगलं पान गेलं. यात वाईट वाटण्यासारखं नेमकं काय आहे, ते मी स्वतःला विचारलं. उत्तर मिळालं नाही, तरी वाटलं.

मी ‘काढून टाका’ दाबलं. आपल्या त्या पानं ठेवायच्या प्रणालीने विचारलं: ‘हे पान परत आणता येणार नाही. कुणाला याची अजून गरज आहे का, ते एकदा आठवून बघा.’

इंग्रजीत तिथे फक्त पहिलं वाक्य आहे. दुसरं वाक्य तुझं. ते तू तिथे कधी घातलंस मला माहीत नाही, आणि इंग्रजीशी ते जुळत नाही.

मी आठवून बघितलं. मग ‘हो’ दाबलं, आणि इंग्रजीशी जुळावं म्हणून तुझं ते वाक्यही काढून टाकलं.